खांब एकाचा, वायर कुणाकुणाची?

गेल्या अंकात मी आमच्या बोळाची गोष्ट सांगितली होती. एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत बोळ चार वेळा खणला, चारी वेळा वेगळी माणसं, वेगळी कंपनी, कुणी काळा पाईप टाकला कुणी केशरी, वर मुरूम लोटला आणि गेले, आणि तिसऱ्या खेपेला कुदळ नळाच्या पाईपला लागली तेव्हा दोन दिवस आम्ही सगळे टँकरपुढं घागरी घेऊन उभे. शेजारच्या आजी खड्ड्यात वाकून बघत म्हणाल्या, "एवढ्या नळ्या हायत की खाली, त्यातनंच का घालत न्हाईत ही माणसं?" तो प्रश्न मी होता तसा छापला. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. त्यात काही रागाची पत्रं आहेत, त्यांनाही उत्तर आहे.

प्रश्न : आमची राजारामपुरीत 24 फ्लॅटची बिल्डिंग आहे. बिल्डरनं बांधतानाच एका इंटरनेटवाल्याशी करार केलाय म्हणे, त्यामुळं दुसरा कुणी कनेक्शन द्यायला आला की वॉचमन खालूनच परत पाठवतो, डक्टमधनं वायर घालायची परवानगी नाही म्हणतो. रोज संध्याकाळी नेट बंद पडल्यासारखंच असतं. तक्रार केली तर कंपनीचा माणूस म्हणतो, "मग दुसरं घ्या की." घेऊ कुठनं? — एक गृहिणी, राजारामपुरी

ताई, तो "दुसरं घ्या की" म्हणतोय ना, त्याला पक्कं माहितीय की तुम्हाला दुसरं घेता येणार नाही, म्हणूनच तो एवढा निवांत आहे. तुमच्या जिन्याशेजारची ती उभी पोकळी, फूट-दीड फुटाची असेल, तिचं दार ज्याच्या हातात त्याच्या हातात 24 घरं.

पण ती पोकळी त्याची नाही. डक्ट, जिना, गच्ची ही सामाईक जागा. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 17 प्रमाणं सामाईक जागेची मालकी फ्लॅटवाल्यांच्या संस्थेकडं द्यायची असते, बिल्डरनं ती कायम आपल्या खिशात ठेवायची नसते. तर पहिलं काम, बिल्डरला लेखी पत्र देऊन त्या कराराची प्रत मागा. तोंडी नको, लेखी, आणि पोच घ्या. बऱ्याचदा तिथंच कळतं की करार असा काही नाहीच, नुसता शब्द आहे आणि वॉचमनला दिलेली ताकीद आहे. दुसरं, सोसायटी झाली असेल तर जनरल बॉडीत ठराव घ्या की ज्याच्याकडं लायसन आहे त्या कुणालाही एकाच दरात, एकाच अटीवर डक्ट वापरता येईल, वायर ट्रेमधनं न्यायची, तिला नावाची पट्टी लावायची आणि कनेक्शन बंद झालं की स्वतःची वायर स्वतः काढायची. ही शेवटची अट विसरू नका, नाहीतर पाच वर्षांत डक्ट मेलेल्या वायरींनी भरतो आणि मग खरंच जागा उरत नाही.

दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, जानेवारी 2017 मध्येच शिफारस केलीय की बिल्डिंगमधला प्रवेश कुणा एका कंपनीपुरता ठेवू नये. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही वायर नेण्याचा हक्क भेदभाव न करता आणि शक्य तिथवर कुणा एकालाच न देता द्यावा असं आहे. ठरावात या दोन्हींचा उल्लेख घाला, बिल्डरचा वकील जरा सावध बोलतो.

आणि एक कळकळीनं सांगतो. उद्या दुसरी कंपनी येऊन कमिटीला म्हणेल की आम्ही गेट रंगवून देतो, कॅमेरे बसवून देतो, फक्त आम्हालाच ठेवा. त्याला हो म्हणू नका. तेच कुलूप परत लागेल, फक्त किल्ली दुसऱ्याकडं जाईल.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून थोडं मागचं सांगतो. 2004 मध्ये ट्रायनं सुचवलं होतं की टेलिफोनची जी तांब्याची लाईन घराघरात आधीच पोचलीय ती इतर कंपन्यांनाही भाड्यानं वापरू द्यावी. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ते सक्तीचं झालं नाही, कंपन्यांनी आपापसात ठरवावं असं म्हटलं. आपापसात कोण ठरवतंय? माझं मत विचाराल तर आज बोळात जे चार-चार वेळा खणणं चाललंय त्याचं एक मूळ तिथं आहे.

प्रश्न : तुमचं लिखाण वाचून वाईट वाटलं. मी व्यापारी माणूस. कंपनीनं स्वतःचे पैसे घालून खांब रोवले, पाईप टाकले, आणि तुम्ही म्हणता दुसऱ्याला वापरू द्या. उद्या म्हणाल माझं गोडाऊन समोरच्या व्यापाऱ्याला द्या. ही कसली न्यायाची पद्धत? — एक धान्य व्यापारी, लक्ष्मीपुरी

साहेब, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच सगळ्याच गोष्टींना हा नियम लावायचा नसतो. तुमचं गोडाऊन तुमचंच. समोरच्याला गोडाऊन हवं असेल तर तो मार्केट यार्डात बांधेल, शिरोलीत भाड्यानं घेईल, त्याचं काही अडत नाही.

आता असं धरा की पंचगंगेवर एकच पूल आहे आणि तो तुमच्या समोरच्या व्यापाऱ्याच्या मालकीचा आहे. त्याचे ट्रक जातात, तुमचे थांबतात. तुम्ही म्हणणार मी दुसरा पूल बांधतो? शिवाजी पुलाशेजारी पर्यायी पूल उभा राहायला सरकारला किती वर्षं लागली ते आपण सगळ्यांनी बघितलंय, 2019 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला तोवर सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या जुन्या पुलावरनंच सगळं चाललं होतं.

अमेरिकेत हे अगदी असंच घडलं होतं. सेंट लुईस शहरात मिसिसिपी नदीवरचे रेल्वेचे पूल, यार्ड आणि स्टेशन सगळं एका संघटनेच्या हातात गेलं, तिचे मालक म्हणजे काही रेल्वे कंपन्याच. बाकीच्यांना शहरात यायला दुसरी वाटच नाही. 1912 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, आणि तो मला फार शहाणा वाटतो. कोर्टानं पूल काढून घेतला नाही, मालकी मोडली नाही, एवढंच सांगितलं की जी रेल्वे येईल तिला वाजवी अटींवर आत घ्या, स्वतःच्या गाडीला एक दर आणि परक्या गाडीला दुसरा असं करायचं नाही. मालकाला भाडं मिळालं, बाकीच्यांना वाट मिळाली.

तर कसोटी साधी आहे. ती वस्तू दुसऱ्याला परत उभी करता येण्यासारखी आहे का, तिच्याशिवाय धंदा करता येतो का, आणि वापरू दिली तर मालकाचं स्वतःचं काम अडतं का. गोडाऊन पहिल्याच प्रश्नाला सुटतं. खांब, पाईप, पूल सुटत नाहीत. आपल्याकडं 2002 च्या स्पर्धा कायद्यात, कलम 4 मध्ये, वर्चस्व असलेल्यानं दुसऱ्याला बाजारात येऊच न देणं हा गैरवापर धरलाय.

आणि फुकट कुणी मागत नाहीये. भाडं किती हे ज्याची तार त्यानं एकट्यानं ठरवायचं नाही, एवढंच. कोल्हापूरकरांना हे वेगळं शिकवायला नको. शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्ध आपण सगळे रस्त्यावर उतरलो, एन. डी. पाटील सर त्या वयात पुढं चालत होते, डिसेंबर 2015 मध्ये टोल गेला. तेव्हा घरातनं बाहेर पडायला दुसरी वाटच नाही आणि दर ठरवताना आम्हाला कुणी विचारलं नाही, हीच भावना प्रत्येकाच्या तोंडी होती.

प्रश्न : माझी बहीण अंधेरीला राहते. तिच्या बिल्डिंगमधे कुणाकडं टाटाची लाईट, कुणाकडं अदानीची. मग कोल्हापुरात आम्हाला महावितरण सोडून दुसरं का नाही? मोबाईलसारखं पोर्ट का करता येत नाही? — एक विद्यार्थी, शिवाजी पेठ

लई भारी प्रश्न विचारलास, मित्रा. मुंबईची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल.

2003 चा वीज कायदा आला तेव्हा त्यात एकाच भागात दोन वितरण कंपन्यांना लायसन देता येईल असं घातलं, पण अट अशी की दुसऱ्या कंपनीनं स्वतःच्या तारा टाकायच्या. मुंबई उपनगरात रिलायन्सच्या तारा घराघरात होत्या. टाटा पूर्वीपासून मुंबईत वीज बनवत होती आणि मोठ्या गिऱ्हाइकांना देत होती, तिनं घरगुती गिऱ्हाईक घेऊ नये म्हणून भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 2008 मध्ये निकाल लागला की टाटालाही किरकोळ गिऱ्हाइकांना वीज विकता येईल. पण तारा कुठायत? मुंबईत रस्ता खणून नवीन केबल टाकायची म्हणजे काय ते तुझ्या बहिणीला विचार. मग 2009 मध्ये राज्य वीज नियामक आयोगानं वाट काढली, की गिऱ्हाईक टाटाचं होईल, वीज टाटाची, बिल टाटाचं, पण तार रिलायन्सचीच राहील आणि तारेचं भाडं आयोग ठरवेल. त्या भाड्याला व्हीलिंग चार्ज म्हणतात. 2018 मध्ये रिलायन्सचा तो धंदा अदानीकडं गेला. म्हणून तुझ्या बहिणीच्या बिल्डिंगमधे दोन नावं दिसतात आणि बऱ्याच घरांत तार एकाची आणि बिल दुसऱ्याचं असतं.

कोल्हापुरात दुसऱ्या कुणाकडं वितरणाचं लायसनच नाही, त्यामुळं पोर्ट करून जाणार कुठं? दुसऱ्यानं लायसन मागितलं तरी कायद्यानं त्याला शाहूपुरीपासनं शाहूवाडीपर्यंत स्वतःचे खांब रोवावे लागतील. ते परवडणार नाही आणि खरं सांगू का, परवडत असलं तरी ते होऊ नये. एका गल्लीत दोन कंपन्यांचे खांब म्हणजे एका गिऱ्हाइकानं दोन खांबांचा खर्च भरायचा.

ही स्वतःच्या तारेची अट काढायचा प्रयत्न 2022 मध्ये झाला. 8 ऑगस्टला लोकसभेत विधेयक मांडलं, त्यात होतं की दुसऱ्या कंपनीलाही आहे त्याच तारांवरून वीज देता यावी. विरोध मोठा झाला, विधेयक समितीकडं गेलं आणि लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. 2025 च्या ऑक्टोबरात ऊर्जा मंत्रालयानं नवा मसुदा काढला त्यातही हा मुद्दा परत आहे. म्हणजे तुझा प्रश्न आज ना उद्या कोल्हापुरात येणार, आणि तो आला की खालचं पत्र लिहिणाऱ्या काकांचं म्हणणं आधी ऐकायला पाहिजे.

प्रश्न नव्हे, राग : मी 34 वर्षं लाईनवर काम केलं. तुमच्यासारखे लोक "स्पर्धा, स्पर्धा" म्हणतात. खाजगीवाला येईल तो ताराबाई पार्क घेईल, मॉल घेईल, एमआयडीसी घेईल. गगनबावड्यातल्या वाडीवर, जिथं 4 घरांसाठी 22 खांब आहेत, तिथं कोण जाणार? 2019 च्या पुरात छातीएवढ्या पाण्यातनं आम्ही गेलोय. तेव्हा कुठं होती स्पर्धा? — एक निवृत्त लाईनमन, करवीर तालुका

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 2019 चा ऑगस्ट मी विसरलो नाही. आमच्याकडं सहा दिवस अंधार होता आणि मग एका दुपारी नावेतनं वायरमन आले, कमरेला पट्टा, खांद्यावर दोरी, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गळ्यात अडकवलेला. त्यातला एकजण खांबावर चढला तेव्हा खाली पाण्यात त्याची सावली हलत होती आणि अख्खी गल्ली गच्चीवर उभी राहून बघत होती. बल्ब पेटला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माणूस खाली उतरून पाणी प्यायला आणि पुढच्या खांबाकडं गेला, बसला सुद्धा नाही.

तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि मी गेल्या अंकात ते लिहायला हवं होतं, राहून गेलं ती माझी चूक. आपल्या वीजदरात कारखान्यावाला आणि जास्त वापरणारा चार पैसे जादा भरतो म्हणून शेतीपंपाला आणि गरिबाच्या घराला वीज कमी दरात मिळते. ते जादा भरणारेच निघून गेले तर बोजा कुणावर येणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी राज्यभर संप केला, भांडुप-नवी मुंबई भागात दुसऱ्या कंपनीनं समांतर लायसन मागितलं म्हणून, त्यामागं हीच भीती होती. सरकारशी बोलणी होऊन संप त्याच दिवशी मिटला.

पण काका, यातनं निष्कर्ष मी वेगळा काढतो. तुम्ही म्हणता दार बंद ठेवा. मी म्हणतो दाराचं भाडं नीट लावा. जो तुमच्या तारेवरून वीज नेईल त्याच्या भाड्यात गगनबावड्याच्या वाडीवरचे ते 22 खांब धरलेले पाहिजेत, पुरात नावेतनं गेलेल्या माणसाचा पगार धरलेला पाहिजे. मलई त्याला आणि ताक तुम्हाला असं भाडं लावलं तर ते चोरी आहे, तिथं मी तुमच्या बाजूनं उभा आहे. आणि तार मात्र एकाच सार्वजनिक हातात राहावी, जशी इंग्लंडमधे टेलिफोनची तार जानेवारी 2006 पासून ओपनरीच नावाच्या वेगळ्या विभागाकडं दिली, तसं काहीतरी. तिथं तो विभाग जुन्या टेलिफोन कंपनीच्या घरातलाच, पण त्याचा हिशोब आणि कारभार वेगळा, आणि स्वतःच्या कंपनीला जो दर तोच बाहेरच्याला. आपल्याकडं 2005 मध्ये वीज मंडळाचे भाग पाडले, निर्मिती वेगळी, पारेषण वेगळं, वितरण वेगळं. वितरणात मात्र तार सांभाळणं आणि वीज विकणं एकाच कंपनीत राहिलं, बिलात वहन आकार वेगळा दिसतो खरा, पण कुठल्या वाडीच्या खांबांना नेमका किती खर्च येतो हे त्यातनं गिऱ्हाइकाला कळत नाही. वह्या वेगळ्या झाल्या तर त्या 22 खांबांचा खर्च कागदावर दिसेल, आणि दिसलेला खर्च कुणाला टाळता येत नाही.

तुम्हाला हे पटलं नाही तर परत लिहा. छापतो.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे, मंजूर भार 400 किलोवॅट. एक एजंट सोलरची वीज ओपन ॲक्सेसनं देतो म्हणतोय, युनिटचा दर ऐकून डोळे फिरले. घेऊ का? — एक उद्योजक

डोळे फिरू देऊ नका, कागद बघा. ओपन ॲक्सेस म्हणजे महावितरणच्या तारेवरून दुसऱ्या कुणाची वीज घेणं. पूर्वी 1 मेगावॅटच्या खालच्याला त्यात उभंच करत नव्हते. जून 2022 च्या केंद्राच्या नियमांनी हरित विजेसाठी ती मर्यादा 100 किलोवॅटवर आणली, म्हणजे तुम्ही बसता. एकाच डिव्हिजनमधली तुमची दोन-तीन कनेक्शन मिळून 100 होत असतील तरी चालतं. अर्जावर 15 दिवसांत निर्णय द्यायचा, नाहीतर मंजूर धरायचा, असं त्या नियमात आहे.

पण एजंटनं सांगितला तो दर प्लांटच्या दारातला. तुमच्या मीटरवर येईपर्यंत त्यात पारेषणाचं भाडं, व्हीलिंग चार्ज, वाटेतली गळती, क्रॉस सबसिडी सरचार्ज (स्वस्त विजेच्या गिऱ्हाइकांसाठी मोठ्यांनी भरायचा जादा पैसा), ॲडिशनल सरचार्ज हे सगळं चढतं, आणि तुमची भट्टी रात्री चालत असेल तर दिवसाची सोलर बँकिंग करून रात्री वापरता येईल का आणि कितीला, हे वेगळं बघावं लागतं. एजंटला एकच विचारा, "माझ्या मीटरवर, सगळं धरून, रात्रीचं युनिट कितीला?" आणि ते लिहून मागा.

चार-पाच फाउंड्रीवाल्यांनी मिळून ग्रुप कॅप्टिव्ह, म्हणजे भागीदारीत स्वतःचा वीज प्लांट, करता आलं तर जास्त बरं. त्यात प्लांटची किमान 26 टक्के मालकी वापरणाऱ्यांची हवी आणि वर्षाच्या विजेपैकी किमान 51 टक्के त्यांनीच आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात वापरायला हवी. मग क्रॉस सबसिडी सरचार्ज लागत नाही. कॅप्टिव्हला ॲडिशनल सरचार्जही लावता येणार नाही असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर 2021 चा निकाल आहे, तो आपल्या राज्यातल्याच खटल्यातला. एक वर्ष जरी 51 टक्के भरले नाहीत तर त्या वर्षाचा सरचार्ज मागून वसूल होतो, म्हणून ऑर्डर कमी असलेल्या वर्षाचा हिशोब आधी करा.

आणि वरच्या काकांचं पत्रही वाचा. सरचार्ज हा सगळा जाच नाही, त्यातला काही भाग त्या वाडीवर जातो.

प्रश्न : पाईपचा गॅस घेतला. आता दर वाढला तर दुसऱ्या कंपनीचा घेता येईल का? — सानेगुरुजी वसाहत

आज नाही. कोल्हापूर जिल्ह्याचं काम 2018 च्या फेरीत दिलं गेलं, आणि त्या फेरीत पाईप टाकण्याची मक्तेदारी 25 वर्षं आणि गॅस विकण्याची 8 वर्षं अशी विभागणी आहे. 8 वर्षांनंतर त्याच पाईपातून दुसऱ्यालाही भाडं भरून गॅस विकता यावा असा कायद्याचा हेतू. मुदत संपली म्हणजे लगेच दुसऱ्या दिवशी नळ उघडतो असं समजू नका, नियामक मंडळाला पाईपलाईन सर्वांसाठी खुली झाल्याचं जाहीर करावं लागतं. तोवर पाईपच्या गॅसची खरी स्पर्धा सिलिंडरशीच.

प्रश्न : माझं सव्वा एकर रान आहे, ऊस. नदीपासनं गावापर्यंत एका पाणीपुरवठा संस्थेची पाईपलाईन माझ्या बांधावरनं जाते, चेंबर पण माझ्याच बांधाला. पण मी सभासद नाही, आणि नवीन सभासद घेत नाही म्हणतात. स्वतःची मोटर नदीवर बसवायची तर पाईप चार जणांच्या रानातनं न्यावा लागतो, त्यातला एक नाही म्हणतोय. पाणी पायाखालनं जातंय आणि ऊस वाळतोय. — एक शेतकरी, करवीर तालुका

दादा, तुमचं पत्र आलं आणि मी रविवारी येऊन बघून गेलो, तुम्ही होताच. चेंबरच्या लोखंडी झाकणाला कुलूप आहे आणि वॉल गळतोय, त्यामुळं चेंबरभोवती हातभर गवत हिरवंगार आणि तिथनं दहा पावलांवर तुमच्या उसाची पानं गुंडाळायला लागलीत. ते दृश्य डोक्यातनं जात नाही.

आता कायद्याचं. पाणीपुरवठा संस्था सहकारी आहे. 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात कलम 23 आहे, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. तुम्ही आजवर तोंडीच विचारलंय. तसं नको. लेखी अर्ज द्या, प्रवेश फी आणि शेअरची रक्कम भरायची तयारी लिहा, पोच घ्या. कलम 22 प्रमाणं 3 महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तुम्ही सभासद झाला असं धरलं जातं. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर निबंधकाकडं अपील करता येतं.

संस्थेचीही बाजू आहे, ती मी अध्यक्षांकडनं ऐकली. ते म्हणाले पंप अमुक अश्वशक्तीचा, पाईप 8 इंची, पाळी आधीच 21 दिवसांवर गेलीय, अजून एक घेतला तर 22 वर जाईल. हे कारण खोटं नाही. पाईपात जागाच नसेल तर कुणालाच दार उघडून उपयोग नाही. पण मग ते मोजून दाखवायला पाहिजे, किती तास पंप चालतो, किती एकर भिजतं, गळती किती. गळणारा वॉल दुरुस्त केला तर तुमच्या सव्वा एकराचं पाणी त्यातच निघेल असं मला वाटतं आणि मी त्यांना तसं तोंडावर बोललो. वॉल दुरुस्तीच्या खर्चात तुम्ही वाटा उचलतो म्हणून अर्जातच लिहा, बोलणं सोपं होईल.

आणि तो जो चौथा गडी नाही म्हणतोय त्याच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 49. दुसऱ्याच्या रानातनं पाण्याची वाट न्यायची असेल आणि तो तयार नसेल तर तहसीलदारांकडं अर्ज करता येतो, चौकशी होते, नुकसानभरपाई ठरते, आणि पाईप जमिनीखाली किमान अर्धा मीटर खोल घालायचा असतो म्हणजे त्याची नांगरट अडत नाही. त्याच कलमात अजून एक गोष्ट आहे, ज्याच्या रानातनं पाणी जातं त्यालाही जादा असेल ते पाणी ठरलेल्या दरानं घ्यायचा हक्क आहे, दर जमला नाही तर महसूल अधिकारी ठरवतात. 1966 साली हे लिहून ठेवलंय. त्या चौथ्या गड्याला हे सांगा, की तुझ्या रानातनं पाईप गेला तर तुलाही पाणी आहे. माझा अंदाज आहे त्याला हे कुणी सांगितलेलंच नाही.

दोन्ही अर्ज एकदमच द्या, एकाची वाट बघत दुसरा थांबवू नका. मसुदा लागला तर मासिकाच्या ऑफिसात या, बसून लिहू.

प्रश्न : घरासमोरच्या खांबावर केबलची एवढी वेटोळी आहेत की खाली लोंबून स्कूटरच्या आरशाला लागतात. कुणाच्या आहेत तेच कळत नाही. कापू का? — फुलेवाडी

अजिबात हात लावू नका. त्यातली कुठली विजेची आणि कुठली मेलेली हे खालनं ओळखू येत नाही. बहुतेक जाड काळ्या वायरी टीव्ही केबलच्या आणि फायबरच्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या बंद पडलेल्या धंद्यांच्या असतील. केंद्रानं 2022 मध्ये रस्त्यावरच्या अशा खांबांवरून फायबर न्यायचा दर खांबामागं वर्षाला 100 रुपये ठरवला, म्हणजे नियमानं परवानगी काढून वायर नेलेल्याचं नाव कुठंतरी कागदावर असायला हवं. तेव्हा खांब महापालिकेचा असेल तर विभागीय कार्यालयात, महावितरणचा असेल तर 1912 ला फोन करून तक्रार नंबर घ्या, आणि दोन्हीकडं एकच प्रश्न लेखी विचारा, या खांबावर परवानगी कुणाकुणाला दिलीय. यादीत नाही ती वायर काढायला लावा. सोबत फोटो जोडा, आणि खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तो फोटोत दिसेल असा काढा.